रॉबर्ट ओपेनहायमर : निष्ठा मान्य, विश्वास अमान्य

अणुबॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे शास्त्रज्ञ ज्युलियस रॉबर्ट ओपेनहायमर यांचा जन्म २२ एप्रिल १९०४ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर १९२७ मध्ये त्यांनी जर्मनीत मॅक्स बॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अध्यापन करीत असताना आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकून त्यांनी भगवद्गीता मुळातून वाचली.

मंदीच्या आणि स्पेनमधील यादवीच्या त्या काळात ते डाव्या चळवळींकडे ओढले गेले. त्यांचा धाकटा भाऊ आणि पत्नी हे दोघेही एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. तरीही १९४३ मध्ये लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेची धुरा त्यांच्यावर सोपविण्यात आली आणि १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुस्फोट यशस्वी झाला.

त्यांना भोवली ती मात्र एक जुनी चूक. त्यांचे प्राध्यापक मित्र हाकोन शेव्हेलिए यांनी त्यांना सोव्हिएत रशियाकडे माहिती पोहोचविण्याचा एक मार्ग सुचविला होता. ओपेनहायमर यांनी तो तत्काळ धुडकावला. परंतु ही बाब त्यांनी अनेक महिने दडवून ठेवली. ऑगस्ट १९४३ मध्ये सुरक्षा अधिकाऱ्यांना ती सांगताना मित्राला वाचविण्यासाठी त्यांनी खोटी कहाणी रचली.

युद्धानंतर ते अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले. १९४९ मध्ये या समितीने हायड्रोजन बॉम्बच्या तातडीच्या निर्मितीस विरोध केला आणि त्यांना प्रबळ शत्रू निर्माण झाले. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांचा गोपनीय माहिती पाहण्याचा परवाना स्थगित झाला. मुकाट्याने बाजूला होण्याचा मार्ग खुला असूनही त्यांनी चौकशीला सामोरे जाणे पसंत केले.

१२ एप्रिल १९५४ रोजी सुरू झालेली ही सुनावणी सुमारे चार आठवडे चालली. सरकारी वकिलांच्या हाती गोपनीय कागदपत्रे होती. ओपेनहायमर यांच्या वकिलांना मात्र ती पाहण्याची मुभा नव्हती. वकिलांशी होणारे त्यांचे संभाषणही चोरून ऐकले जात होते. उलटतपासणीत त्यांनी १९४३ मधील असत्याची कबुली दिली. इसिडोर राबी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर एडवर्ड टेलर यांची साक्ष विरोधात गेली.

मंडळाने त्यांची देशनिष्ठा मान्य केली, तरीही दोन विरुद्ध एक मताने परवाना नाकारण्याची शिफारस केली. २९ जून रोजी आयोगाने चार विरुद्ध एक मताने, स्वभावदोष आणि संशयास्पद संबंधांचे कारण देत, ती कायम केली. दोन्ही ठिकाणी विरोधी मत नोंदविणारा सदस्य शास्त्रज्ञ होता, हे लक्षणीय!

१९६३ मध्ये त्यांना फर्मी पुरस्कार देण्यात आला. परवाना मात्र परत मिळाला नाही. १८ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९५४ चा निर्णय रद्द ठरविला. ती चौकशी पक्षपाती होती आणि आयोगाने स्वतःचेच नियम मोडले होते, असे त्यात नमूद करण्यात आले. न्याय मिळाला खरा. पण त्यासाठी ६८ वर्षे लागली आणि तो पाहण्यास ओपेनहायमर हयात नव्हते.