पहिल्याच फटक्यात जिंकला आणि पुढची आठ वर्षं हरत राहिला : दोस्तोव्हस्कीच्या कॅसिनोची गोष्ट

संभाजीनगरच्या पोरांची गोवा ट्रिप ठरली की ग्रुपमधला एकजण तरी म्हणतोच, एकदा कॅसिनोत जाऊन येऊ. कारण आपल्याकडे कॅसिनो नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता खरा, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला. मग मांडवीतल्या बोटीवर चढायचं, चिप्स घ्यायच्या आणि पोकरच्या नाहीतर रुलेटच्या टेबलावर जाऊन बसायचं. दिवाळीत तीनपत्ती खेळलेलो असतो, तेवढ्या जोरावर सगळं जमेल असं वाटतं.

यात जो हरतो तो बऱ्याचदा वाचतो. दोन हजार गेले, शिव्या घातल्या, विषय संपला. खरा धोका पहिल्याच रात्री जिंकणाऱ्याला असतो.

असा एक माणूस जगप्रसिद्ध आहे. फ्योदोर दोस्तोव्हस्की. ‘क्राइम अँड पनिशमेंट’वाला. रणबीर कपूरचा ‘सावरिया’ आठवतो? तो याच्याच कथेवर बेतलेला होता.

दोस्तोव्हस्कीचा जन्म १८२१ चा, मॉस्कोतला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, ओढा लेखनाचा. १८४९ मध्ये सरकारविरोधी मंडळींत उठबस केली म्हणून अटक झाली. गोळ्या घालायला मैदानात उभं केलं आणि अगदी शेवटच्या क्षणी झारची माफी वाचून दाखवली. मग चार वर्षं सैबेरियात सक्तमजुरी, त्यानंतर सैन्यात शिपाईगिरी. १८५९ च्या अखेरीस तो पीटर्सबर्गला परतला. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला नशिबाबद्दल जरा जास्तच विश्वास वाटला असेल, तर नवल नाही.

त्या काळात जर्मनीतली गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं कॅसिनोसाठी गाजत होती. फ्रान्सने जुगारअड्डे बंद केले होते, त्यामुळे शौकीन मंडळी सीमा ओलांडून तिथे जायची. आपण गोव्याला जातो तसंच. १८६३ साली पॅरिसला जाताना दोस्तोव्हस्की व्हिसबाडेनला थांबला, रुलेटवर बसला आणि १०,४०० फ्रँक जिंकला! पैसे खोलीवर नेऊन बॅगेत ठेवले, कुलूप लावलं, दुसऱ्या दिवशी निघायचं पक्कं केलं. आणि परत टेबलावर गेला. निम्मे तिथेच घालवले.

तरीही पाच हजार हातात राहिले. हेच वाईट झालं. आपल्याला गुपित सापडलं, अशी त्याची खात्री पटली. डोकं शांत ठेवायचं, उत्तेजित व्हायचं नाही, बस्स. निम्मे गेले ते तेवढ्यापुरता तोल सुटला म्हणून. पद्धत मात्र बरोबर आहे.

आता रुलेटचा हिशोब बघा. एक शून्य असलेल्या चाकात ३७ खाने असतात. प्रत्येक खान्यावर एकेक नाणं लावलं, तर ३७ नाणी जातात आणि ३६ परत येतात. उरलेलं एक घरमालकाचं. तुम्ही शांत असा नाहीतर थरथरत असा, चाकाला काही फरक पडत नाही. पोकरमध्ये निदान डोकं चालवायला वाव असतो, कारण तिथे खेळ कॅसिनोशी नसतो, समोरच्या खेळाडूंशी असतो. पण तिथेही डावातून कॅसिनो आपला वाटा काढून घेतोच.

काही दिवसांतच बाडेन-बाडेनला तो साफ हरला. १८६४ मध्ये बायको मारिया आणि भाऊ मिखाईल दोघेही गेले, भावाचं कर्जही याच्या डोक्यावर आलं. १८६५ मध्ये पुन्हा व्हिसबाडेन, आणि पाच दिवसांत खिसा रिकामा. हॉटेलवाल्याने जेवण बंद केलं, फक्त चहा मिळायचा. लेखक तुर्गेनेव्हकडे १०० थेलर मागितले, त्याने ५० पाठवले. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ची सुरुवात याच उपासमारीत झाली.

त्याच वर्षी त्याने सगळ्यात मोठा जुगार खेळला, तोही कागदावर. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून ३,००० रुबल घेतले. अट अशी की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी द्यायची, नाहीतर पुढची नऊ वर्षं जे लिहील ते प्रकाशकाला फुकट. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ झाली नव्हती. मग २० वर्षांची स्टेनोग्राफर अ‍ॅना कामाला आली आणि २६ दिवसांत कादंबरी सांगून पूर्ण झाली. नाव ‘द गॅम्बलर’. प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर निघून गेला, तेव्हा हस्तलिखित पोलिस चौकीत देऊन पावती घेतली!

फेब्रुवारी १८६७ मध्ये अ‍ॅना त्याची बायको झाली. उन्हाळ्यात दोघे बाडेन-बाडेनला. अ‍ॅनाची कानातली गेली, ब्रोच गेला, कोट गेले, लग्नाच्या अंगठ्याही गहाण पडल्या. तेव्हा ती गरोदर होती. जुगाऱ्याच्या मानसिकतेवर आख्खी कादंबरी लिहिलेला माणूस होता हा. सगळं कळत होतं, तरी पाय तिकडेच वळायचे.

एप्रिल १८७१. लेखन अडलेलं, मन उदास. हरणार हे माहीत असूनही अ‍ॅनानेच त्याला व्हिसबाडेनला पाठवलं. तो हरला. परतीसाठी तिने पाठवलेले ३० थेलरही हरला. रात्री रशियन पाद्री शोधत धावत सुटला, अंधारात चर्च समजून ज्यूंच्या सिनेगॉगपाशी पोहोचला. खोलीवर येऊन अ‍ॅनाला लिहिलं की हे वेड आता संपलं, आणि परत ३० थेलर मागितले. अशी वचनं त्याने आधीही दिली होती. या वेळी मात्र पाळलं. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतले कॅसिनो कायद्याने बंद झाले, तेही पथ्यावर पडलं असणार.

पुढे पुस्तकं छापून विकण्याचा कारभार अ‍ॅनाने हातात घेतला आणि कर्जं फिटत गेली. १८८० मध्ये ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ पूर्ण झाली, १८८१ मध्ये तो गेला.

‘द गॅम्बलर’मधलं कॅसिनोचं गाव काल्पनिक आहे, रुलेटनबुर्ग. ते म्हणजे आमचंच गाव, असं व्हिसबाडेनही सांगतं आणि बाडेन-बाडेनही. दोन्हीकडे कॅसिनो आज पुन्हा जोरात सुरू आहेत.