फादर स्टीफन्स

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात १५४९ साली जन्मलेल्या थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर झाले आहे. येशूसंघात प्रवेश केल्यावर त्यांना हिंदुस्थानात जाण्याची ओढ लागली. १५७९ च्या एप्रिल महिन्यात ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने तेथील साष्टी प्रांतात व्यतीत केली.

साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा त्यांच्या ध्यानी आली. हे लोक पूर्वी पुराणे ऐकत, ओव्या गात. धर्मांतरानंतर ते सारे सुटले होते आणि चर्चमधील लॅटिन प्रार्थनांचा अर्थ त्यांना उमगत नव्हता. ज्यांच्या ओठी गाणे उरले नाही, त्यांच्या मनात श्रद्धा तरी कशी रुजावी? ही उणीव दूर करण्यासाठी फादरांनी परक्या भाषांचा कसून अभ्यास केला. कोंकणीचे व्याकरण तर त्यांनी लिहिलेच. पण मराठीच्या गोडीने ते विशेष मोहून गेले. संतांनी घरोघरी पोहोचविलेल्या ओवीछंदात त्यांनी बायबलातील कथा गुंफल्या. सुमारे ११,००० ओव्यांचे हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. छापखान्यात नागरी लिपीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत छापावे लागले. रविवारी व सणासुदीला चर्चमध्ये ते भक्तिभावाने गाइले जाऊ लागले.

१६१९ साली फादरांनी देह ठेवला. त्यांच्या पश्चात या गीतावर मोठे संकट कोसळले. लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान १६८४ साली राज्यकर्त्यांनी काढले. ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. परंतु त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ओवी लोपली नाही. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती जिवापाड जपल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांतील ओव्या गाइल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. १९५६ साली तो पुण्यात देवनागरी लिपीतही अवतरला.

परदेशातून आलेल्या एका धर्मोपदेशकाने मराठीला हे लेणे दिले. परंतु ते जतन केले सामान्य माणसांच्या कंठाने व लेखणीने.