डॉ. आनंदीबाई जोशी : मार, दुखणे आणि विद्या

वाचकहो, विद्येच्या वाटेवर काटे असतात, असे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. पण कुणाकुणाचे काटे घरातच पेरलेले असतात. डॉ. आनंदीबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. आई मोठी तापट. शिक्षा करायची तर दगड, काठी, प्रसंगी निखारासुद्धा. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस, वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच घरात लाकडाने मारणे, पुस्तके व खुर्च्या फेकणे, टाकून जाईन असा धाक घालणे हेही चाले. पुढे अमेरिकेतून पतीस धाडलेल्या पत्रात बाईंनी हे सारे स्पष्ट मांडले.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहाच दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाला नाही, हे दुःख मनात धरून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. गोपाळरावांनी १८८० मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्यांना लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि त्यांनी माया लावली.

तोवर दुखणे मागे लागलेच होते. कलकत्त्यास असताना डोके ठणके, मधून मधून ताप येई, धाप लागे. कार्पेंटरबाईंनी औषधे पाठवली, गुण आला नाही. तशाच स्थितीत एप्रिल १८८३ मध्ये त्या पतीविना जहाजावर चढल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात नाव घातले. कडाक्याची थंडी, परके अन्न, त्यात क्षय जडला. कॉखने क्षयाचे जंतू १८८२ मध्येच दाखवले होते, पण त्यांवर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. तेव्हा उपाय कुठला? तरीही ११ मार्च १८८६ रोजी बाईंनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण ते काम हाती घेणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात देह ठेवला. वय पुरते बावीसही नव्हते.

आता एक शंका. गोपाळरावांनी धाक घातला म्हणूनच बाई शिकल्या, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. गोपाळराव अमेरिकेत पोचले १८८५ मध्ये. तोवर जवळजवळ दोन वर्षे, अंगात दुखणे असताना, बाईंनी अभ्यास केला तो कुणाच्या काठीने? जवळ कार्पेंटरबाईंची माया होती आणि स्वतःचा निश्चय होता. गोपाळरावांनी दार उघडले, त्याचे श्रेय त्यांना द्यावे. माराचे श्रेय माराला देऊ नये.

आम्ही कीर्तनकार सहनशीलतेची थोरवी गातो. ती सोसणाऱ्याची थोरवी असते, मारणाऱ्याला दिलेली मोकळीक नव्हे. तुमच्या घरी लेक, सून शिकत असेल आणि तिला बारीक ताप येत असेल, खोकला हटत नसेल, तर तिच्या आळसाला बोल लावण्याआधी तिला डॉक्टरकडे न्या. आज क्षयाला औषध आहे. आणि घरात कुणी हात उगारत असेल, तर शेजाऱ्यांनी, आप्तांनी तो धरावा. माउलींनो, एवढे केलेत तरी या चरित्राचे श्रवण फळाला आले.