क्रिस्टियन बिर्कलँड

क्रिस्टियन ओलाफ बर्नहार्ड बिर्कलँड (जन्म : १३ डिसेंबर १८६७, क्रिस्टियानिया, मृत्यू : १५ जून १९१७, टोकियो) हे नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ होते. उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात रात्रीच्या आकाशात हिरवट-तांबडा, वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यासारखा जो ध्रुवीय प्रकाश दिसतो, तो सूर्याकडून येणाऱ्या विद्युत् भारित कणांमुळे निर्माण होतो असे त्यांनी प्रतिपादन केले. ही कल्पना पडताळून पाहण्यासाठी त्यांनी आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस एका पर्वतशिखरावर हिवाळा काढला आणि पुढे तशाच प्रकाशाची लहान प्रतिकृती प्रयोगशाळेतील निर्वात पेटीत घडवून दाखवली. हवेतील नायट्रोजनपासून खत बनवण्याच्या पहिल्या यशस्वी औद्योगिक पद्धतींपैकी एका पद्धतीचे ते सहजनक होत. मात्र त्यांच्या नावाने आज ओळखले जाणारे आकाशातील विद्युत् प्रवाह त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी मान्य झाले.

शिक्षण व आरंभीचे कार्य

बिर्कलँड यांचा जन्म व शिक्षण क्रिस्टियानिया येथे (सध्याचे ऑस्लो) झाले. त्या काळी नॉर्वे स्वीडनशी एका राजाखाली जोडलेला होता आणि देशात एकच विद्यापीठ होते. १८९३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये आंरी प्वांकारे, बॉनमध्ये हाइन्‍रिख हर्ट्‌झ अशा अग्रगण्य शास्त्रज्ञांच्या सान्निध्यात अभ्यास केला. मॅक्सवेलच्या विद्युत् चुंबकीय समीकरणांवरील त्यांचे गणिती काम १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८९८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मायदेशी प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती मात्र १८९६ मध्ये. निर्वात नळीतील कॅथोड किरणांजवळ चुंबक आणला असता ते किरण चुंबकाच्या ध्रुवाकडे ओढले जाऊन एकवटतात, हे त्यांनी पाहिले. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. तेव्हा सूर्याकडून असे किरण येत असतील तर तेही पृथ्वीच्या ध्रुवांकडेच वळतील, आणि ध्रुवीय प्रकाश ध्रुवांभोवतीच का दिसतो याचे उत्तर मिळेल, असा तर्क त्यांनी केला. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास तेव्हा अजून एक वर्ष होते. शिवाय, सूर्यावरील घडामोडींमुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळे होतात ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्येच अमान्य केली होती. केल्व्हिन यांच्या शब्दाला त्या काळी जे वजन होते ते लक्षात घेता, तरुण नॉर्वेजियन संशोधकाचे हे धाडसच म्हणावे लागेल.

हल्डे पर्वतावरील हिवाळा

ध्रुवीय प्रकाश किती उंचीवर असतो याबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकमत नव्हते. तो डोंगरमाथ्यापर्यंत, प्रसंगी त्याही खाली उतरतो, असे सांगणारे पुष्कळ होते. हे खरे असेल तर पुरेशा उंच शिखरावर बसलेल्या निरीक्षकाला तो अगदी जवळून, कदाचित त्याच्या आत उभे राहूनच पाहता येईल, असे बिर्कलँड यांना वाटले. त्यासाठी त्यांनी नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील फिनमार्क प्रांतातील आल्टाजवळचा हल्डे पर्वत निवडला. या पर्वताची उंची सुमारे ९०० मीटर आहे. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ती काही फार नव्हे. परंतु सत्तराव्या अक्षांशाजवळ, समुद्राच्या खाडीलगत सरळ उभ्या असलेल्या या माथ्यावर झाडझुडूप नाही आणि वाऱ्याला अडवणारे काहीच नाही. तेथील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ राखणदार दैवत असा आहे. कोकणातील वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

टेहळणीसाठी केलेल्या पहिल्या हिवाळी सफरीतच या पर्वताने आपला स्वभाव दाखवला. हिमवादळात सापडलेल्या पथकातील ब्यॉर्न हेलान-हान्सेन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हातांना हिमदंश झाला आणि त्यांची काही बोटे कापावी लागली. शल्यचिकित्सक होण्याचा मार्ग बंद झाल्यावर ते समुद्रविज्ञानाकडे वळले आणि त्या क्षेत्रात त्यांनी मोठे नाव मिळवले. बिर्कलँड यांच्या चरित्रलेखनात हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक एका विद्यार्थ्याचे सारे आयुष्य त्या रात्रीने बदलले होते.

तरीही बेत रद्द झाला नाही. १८९९ च्या उन्हाळ्यात शिखरावर दगडी वेधशाळा बांधण्यात आली आणि समोरच्या टाल्विक शिखरावर दुसरे लहान ठाणे उभारले गेले. दोन ठाण्यांमागचा हेतू साधा होता. एकच वस्तू दोन ठिकाणांहून पाहिली तर तिची दिशा किंचित वेगळी भासते. त्या फरकावरून, दोन ठिकाणांमधील अंतर माहीत असल्यास, वस्तूचे अंतर काढता येते. हात लांब करून अंगठा आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिला असता तो मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो, तोच हा प्रकार.

१८९९-१९०० चा हिवाळा पथकाने तेथेच काढला. या भागात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. जाड भिंतींच्या त्या लहानशा घरात राहणे, चुंबकत्वमापकांच्या नोंदी ठेवणे आणि आकाश निरभ्र झाले की बाहेरच्या गोठवणाऱ्या वाऱ्यात उभे राहून प्रकाशाचे पट्टे कोठून उगवतात, कसे दुमडतात व केव्हा विरतात हे टिपणे, असा त्यांचा दिनक्रम होता. दिन हा शब्द येथे केवळ घड्याळापुरता. मार्च १९०० मध्ये पथकातील एलिसार बोये हा तरुण हिमप्रपातात सापडून मरण पावला.

या हिवाळ्याची फलश्रुती मिश्र होती. प्रकाश डोंगरमाथ्यापर्यंत उतरल्याचे एकदाही आढळले नाही. म्हणजे ज्या आशेने एवढे उंच ठिकाण निवडले होते ती फोल ठरली. दोन शिखरांतील अंतर काही किलोमीटरच असल्याने उंचीचे नेमके मापनही साधले नाही. ते काम पुढे त्यांचे सहकारी, गणितज्ञ कार्ल स्टर्मर यांनी दूरदूरच्या ठाण्यांवरून एकाच क्षणी छायाचित्रे घेऊन पूर्ण केले. प्रकाशाची खालची कडा साधारण १०० किलोमीटर उंचीवर असते हे त्यातून निश्चित झाले. परंतु हल्डेवरील नोंदींमधून बिर्कलँड यांना वेगळीच गोष्ट हाती लागली. आकाशात प्रकाश हलू लागला की खालच्या चुंबकसूच्याही विचलित होत. विद्युत् प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते हे शाळेतील प्रयोगातही दिसते. तेव्हा डोक्यावर खरोखरच प्रचंड विद्युत् प्रवाह वाहत असला पाहिजे, हे उघड होते.

चार ठाण्यांची मोहीम

हा प्रवाह कोठून येतो व कोठे जातो हे एका शिखरावरून कळणे शक्य नव्हते. म्हणून १९०२-०३ मध्ये बिर्कलँड यांनी उत्तर नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोव्हाया झेम्‍ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी ठाणी चालवली. त्या नोंदींचा प्रचंड ग्रंथ १९०८ व १९१३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. प्रकाशाच्या पट्ट्याबरोबर आडवा वाहणारा प्रवाह एकटा नसून, तो अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून खाली येतो आणि तसाच परत वर जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा हाच, आणि वादाचे मूळही हेच.

तोफ, ठिणगी आणि खत

मोहिमांना पैसा लागत होता. त्यासाठी बिर्कलँड यांनी स्फोटक दारूऐवजी विजेच्या बळावर गोळा फेकणारी तोफ तयार केली. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात तिचे जाहीर प्रात्यक्षिक चालू असताना मंडल लघुपरिपथित होऊन डोळे दिपवणारा लोळ उठला आणि प्रेक्षकांची धावपळ झाली. ही फजिती लोकप्रिय चरित्रांत नेहमीच रंगवून सांगितली जाते. अधिक महत्त्वाचे हे की, त्याच वर्षी त्यांची गाठ सॅम आइडे या अभियंत्याशी पडली आणि दोघांनी मिळून विद्युत् ज्योतीच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग घडवण्याची पद्धत विकसित केली. चुंबकाच्या योगाने ही ज्योत पसरून तव्यासारखी गोल व चपटी होते. त्यातून निघणाऱ्या वायूपासून नायट्रिक आम्ल व पुढे कॅल्शियम नायट्रेट हे खत मिळे. १९०५ मध्ये यासाठी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. पद्धतीला वीज अतोनात लागे. धबधब्यांच्या देशात ते परवडले, पण कालांतराने हाबर-बॉश पद्धतीने तिला मागे टाकले. नोतोडन व र्‍युकान येथील हा औद्योगिक वारसा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

पेटीतील पृथ्वी

उद्योगातून मिळालेले धन बिर्कलँड यांनी पुन्हा आकाशाकडेच वळवले. निर्वात पेटीत विद्युत् चुंबक असलेला धातूचा गोल टांगून त्यावर त्यांनी कॅथोड किरण सोडले. या गोलास टेरेला, म्हणजे छोटी पृथ्वी, असे नाव आहे. गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. पेट्या उत्तरोत्तर मोठ्या होत गेल्या. शेवटच्या मोठ्या पेटीचे आकारमान सुमारे १००० लिटर होते. याच सामग्रीवर त्यांनी शनीची कडी, धूमकेतूंची शेपटे व सौर डाग यांचेही नमुने घडवून पाहिले. या अनुमानांपैकी बरीचशी टिकली नाहीत. पेटीत जे दिसते ते विश्वात तसेच असले पाहिजे, असे मानण्याकडे त्यांचा कल होता, हे मान्य करावे लागते.

विद्यापीठातील अध्यापन, कंपनीचे काम आणि रात्री प्रयोग अशा धबडग्यात त्यांची प्रकृती ढासळली. निद्रानाश जडला व त्यावर व्हेरोनल या औषधाची सवय लागली. १९०५ मध्ये झालेला इडा हामर यांच्याशी विवाह १९११ मध्ये संपुष्टात आला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सात वेळा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही.

अखेरची वर्षे

पुढे ते इजिप्तमध्ये हेलवान येथे राहू लागले. सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसणारा फिकट, शंकूच्या आकाराचा राशिचक्रीय प्रकाश हा तेथील अभ्यासाचा विषय होता. (शहरी दिव्यांपासून दूर, महाराष्ट्रातील मोकळ्या माळावरूनही तो दिसू शकतो.) तोही विद्युत् भारित कणांमुळेच होतो अशी त्यांची समजूत होती, प्रत्यक्षात तो अवकाशातील धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश असतो. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते अधिकाधिक एकटे पडले. ब्रिटिश हेर आपल्या मागावर आहेत या भीतीने त्यांना ग्रासले. १९१७ मध्ये युद्धामुळे युरोपचा सरळ मार्ग टाळून ते पूर्वेकडून मायदेशी जाण्यास निघाले आणि वाटेत सहकाऱ्यांना भेटण्यासाठी जपानमध्ये थांबले. तोराहिको तेरादा हे भौतिकशास्त्रज्ञ तेथील त्यांच्या परिचितांपैकी एक होते. १५ जून रोजी टोकियोतील हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट व्हेरोनल त्यांच्या पोटात गेले होते. तो अपघात होता की आत्महत्या, याचा निर्णय झालेला नाही. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या अस्थी नॉर्वेत आणून ऑस्लोमध्ये दफन करण्यात आल्या.

मृत्यूनंतर

बिर्कलँड यांच्या हयातीतच आर्थर शुस्टर यांनी एक रास्त आक्षेप घेतला होता : केवळ ऋणभारित कणांचा झोत परस्परांच्या प्रतिसारणामुळे वाटेतच फुटून विखुरला जाईल. सूर्याकडून ऋण व धन असे दोन्ही भार येत असावेत, असे बिर्कलँड यांनी पुढे म्हटले. आज सौर वाताचे जे स्वरूप ज्ञात आहे त्याच्याशी हे जुळते. परंतु त्यांच्यानंतर या विषयावर सिडनी चॅपमन यांचा प्रभाव राहिला. हे प्रवाह पृथ्वीच्या वातावरणातच फिरतात, अवकाशातून येत नाहीत, असे त्यांचे मत होते. स्वीडनचे हानेस आल्फ्व्हेन यांनी बिर्कलँड यांची बाजू दशकानुदशके लावून धरली. जमिनीवरील उपकरणांच्या आधारे हा वाद मिटणे अशक्य होते, कारण दोन्ही प्रकारच्या प्रवाहांचा खालच्या सूचीवरील परिणाम सारखाच दिसू शकतो. १९६६-६७ मध्ये सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका अमेरिकी उपग्रहाच्या नोंदींत चुंबकीय रेषांना अनुसरून वाहणाऱ्या प्रवाहांचा पुरावा मिळाला. १९६९ पासून त्यांना बिर्कलँड प्रवाह म्हणण्यास सुरुवात झाली. सूर्याकडील कण थेट ध्रुवांवर येऊन आदळतात, हा त्यांच्या सिद्धांताचा भाग मात्र बदलावा लागला आहे. ध्रुवीय प्रकाश उत्पन्न करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अखेरची गती पृथ्वीच्या चुंबकांबरातच मिळते.

१९९४ मध्ये काढलेल्या नॉर्वेच्या २०० क्रोनरच्या नोटेवर बिर्कलँड यांचे चित्र व टेरेलाची आकृती होती. चंद्रावरील एका विवरास त्यांचे नाव दिलेले आहे. हल्डेवर १९१२ मध्ये कायमस्वरूपी वेधशाळा सुरू झाली आणि शास्त्रज्ञांची कुटुंबेही तेथे राहू लागली. पुढे १९२० च्या दशकात हे काम ट्रॉम्से शहरात हलवण्यात आले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्कमधील गावांबरोबर शिखरावरील इमारतीही जाळल्या. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. पुढे त्यांची डागडुजी झाली असून काफ्योर्डहून पायवाटेने तेथपर्यंत चढून जाता येते.