सूक्ष्मजंतूंशी झुंजलेला माणूस : वाल्देमार हाफकिन

प्लेग म्हटलं की आपल्याला पुण्याचा रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हेही आपल्याला माहीत असतं. आपल्या कोल्हापुरातही शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला होता. पण या रोगावरची लस ज्याने मुंबईत बनवली, त्याच्याबद्दल कॉन्व्हेंटच्या दहा वर्षांत मी एक ओळही वाचली नव्हती. म्हणून हा लेखप्रपंच!

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा इथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. सुरुवातीला काम मिळालं ते लायब्ररीत! पण फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी हजारो लोकांना ती लस दिली.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिनना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा, मदतीला एक क्लार्क आणि तीन शिपाई, एवढीच त्यांची लॅब!

आता थोडं सायन्स. रोग ओळखायचा म्हणजे जंतू ओळखायचा. कॉलऱ्याचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, तो पाण्यातून पोटात जातो आणि जुलाब सुरू होतात. प्लेगचा जंतू आखूड काडीसारखा. रंग दिला की त्याची दोन टोकं गडद दिसतात आणि मधला भाग फिका. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात शिरतो आणि जांघेत, काखेत गाठी येतात. हाफकिननी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुंबरांसारखे वाढायचे. ते तापवून मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी स्वतःहून ती घेतली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. चौकशी झाली, ठपका मुंबईच्या लॅबवर आला आणि हाफकिनचं पद गेलं.

आपण इंजिनिअरिंगवाले याला फेल्युअर ॲनालिसिस म्हणू. बिघाड नेमका कुठे झाला? बाटली भरताना की उघडताना? धनुर्वाताचा जंतू ढोलाच्या काठीसारखा दिसतो, मातीत राहतो आणि हवा नसेल तिथे वाढतो. तो बाटलीत आधीपासून वाढत असता, तर उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. शिवाय गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आलं. म्हणजे माती कुठून आली, हे उघड होतं. तरीही हाफकिनना न्याय मिळायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये मलेरियावाल्या रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले खरे, पण कलकत्त्याला. त्यांनी उभारलेली मुंबईची लॅब त्यांना परत मिळाली नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

परळच्या त्या लॅबला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. ते आजही आहे.

मला वाटतं, यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपण बनवलेल्या वस्तूची पहिली टेस्ट स्वतःवर घेण्याची हिंमत असावी. आणि काही बिघडलं की आधी माणूस न पकडता कारण शोधावं. वर्कशॉपमध्ये पत्रा लागला की आपण टिटॅनसचं इंजेक्शन घेतो आणि विसरून जातो. त्याच जंतूने एका निर्दोष माणसाची पाच वर्षं खाल्ली, एवढं पुढच्या वेळी आठवलं तरी पुरे!