स्मृतीची पाने मांडणारा टॉम किलबर्न

मोबाइलवर एकाच वेळी नकाशा उघडलेला असतो, गाणे चालू असते, मधूनच बँकेचे ॲप उघडून आपण पैसे पाठवतो. यातल्या प्रत्येक ॲपचा समज असा, की फोनची सगळी मेमरी आपल्या एकट्याचीच आहे. शेजारी कोण आहे, हे कुणालाच ठाऊक नसते. त्यामुळेच बँकेच्या ॲपमधला पासवर्ड गाण्याच्या ॲपला वाचता येत नाही. प्रत्यक्षात मेमरी एकच असते आणि तीही सगळ्यांना पुरेल इतकी नसते. ही वाटणी ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. कुणाला कोणती जागा द्यायची, कुणाचे सामान तात्पुरते बाहेर काढायचे आणि स्वतःची जागा इतरांपासून कशी राखायची, हा हिशेब तो सेकंदाला हजारो वेळा करत असतो. या हिशेबाची पद्धत मँचेस्टर विद्यापीठातल्या एका यंत्रात १९६२ साली प्रत्यक्षात आली. त्या यंत्राचे नाव ॲटलस आणि ते उभारणाऱ्या चमूचे प्रमुख होते टॉम किलबर्न.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या ड्यूजबरी या गावी झाला. लोकरीच्या गिरण्यांचे हे गाव. मुलगा गणितात हुशार निघाला आणि केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात पोहोचला. महायुद्धामुळे तिथले अभ्यासक्रम आटोपशीर केलेले होते. १९४२ मध्ये गणिताची पदवी हाती पडताच एकविशीतल्या या तरुणाची रवानगी रडारवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत झाली. माल्व्हर्न इथल्या या संस्थेत फ्रेडी विल्यम्स यांच्या हाताखाली तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. पुस्तकातून कमी आणि बिघडलेल्या सर्किटांशी झुंजत जास्त. पुढच्याच वर्षी आयरीन मार्सडेन यांच्याशी त्याचा विवाह झाला.

युद्ध संपले तेव्हा संगणक बनवू पाहणाऱ्या सगळ्यांपुढे एकच अडचण होती. आकडेमोड वेगाने करणारी सर्किटे तयार होती, पण आकडे ठेवायचे कुठे, याचे धड उत्तर कुणाकडेच नव्हते. विल्यम्स यांनी रडारच्या पडद्याकडे, म्हणजे कॅथोड किरण नळीकडे पाहिले. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर जिथे पडतो तिथे विद्युतभाराचा एक ठिपका उमटतो. ठिपका एका प्रकारचा असेल तर शून्य, दुसऱ्या प्रकारचा असेल तर एक. खोट एवढीच, की हा भार सेकंदाच्या अंशात विरून जातो. उपाय निघाला तो असा, की ठिपका विरण्याआधीच तो वाचायचा आणि लगेच पुन्हा उमटवायचा. हे सतत करत राहायचे. १९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टरला प्राध्यापक म्हणून गेले आणि किलबर्नही त्यांच्याबरोबर गेले. वर्षभरात एका नळीवर २,०४८ बिट टिकवून दाखवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. आज आपल्या फोनमधली डीरॅम जातीची मेमरीही अशीच विसरभोळी असते आणि तिलाही पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते. यंत्र बदलले, युक्ती तीच राहिली.

ही मेमरी खरोखर उपयोगाची आहे का, हे तपासायला एक छोटा संगणक बांधण्यात आला. पुढे तो बेबी या नावाने ओळखला गेला. त्याची मेमरी होती ३२ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. आजच्या हिशेबाने १२८ बाइट, म्हणजे एका लहानशा एसएमएसपुरती. किलबर्न यांनी एखाद्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीला पडद्यावर ठिपक्यांचा नुसता धिंगाणा दिसे. २१ जून १९४८ रोजी मात्र ठिपके थांबले आणि अपेक्षित जागी अपेक्षित उत्तर दिसले. स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम संगणकाने चालवल्याची ही पहिली वेळ. नंतर त्याला दोनचा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४ ही संख्या दिली गेली. एकेक संख्या उतरत्या क्रमाने तपासत यंत्राने ५२ मिनिटांनी १,३१,०७२ हे उत्तर दिले. उत्तर कुणालाही तोंडी सांगता आले असते. पण ५२ मिनिटे यंत्र एकही ठिपका विसरले नव्हते आणि परीक्षा त्याचीच होती.

पुढे विल्यम्स हळूहळू आपल्या आवडत्या विद्युत यंत्रांकडे वळले आणि संगणकाचे काम किलबर्न यांच्याकडे आले. बेबीचा विस्तार होऊन फेरांटी कंपनीने १९५१ मध्ये त्याचे व्यापारी रूप बाजारात आणले. इथे नवी अडचण उभी राहिली. नळ्यांची मेमरी वेगवान पण महाग, म्हणून थोडी. तिच्या जोडीला फिरते चुंबकीय ड्रम होते. ते स्वस्त आणि मोठे, पण संथ. स्वयंपाकघरात हाताशी असलेला ओटा आणि वरचा माळा, तशी ही जोडी. ओट्यावर मावेल तेवढ्यातच स्वयंपाक करायचा आणि लागेल ते माळ्यावरून काढायचे. ही काढघाल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतः आखावी लागे. कोणता तुकडा कोणत्या क्षणी खाली आणायचा आणि त्यासाठी कोणता वर टाकायचा, हे सगळे आधी कागदावर मांडायचे. मूळ गणित सोडवण्यापेक्षा या हमालीतच माणसांचे दिवस जात. त्यात चूक झाली की उत्तरच चुकीचे येई आणि ते चुकले आहे हे कळतही नसे.

१९५६ च्या सुमारास अमेरिकेत अतिवेगवान संगणकांची आखणी सुरू झाली होती. ब्रिटन मागे पडणार, ही चिंता किलबर्न यांना होती. सरकारी पैशाची वाट न पाहता त्यांनी विद्यापीठातच काम सुरू केले. एका सूचनेला सुमारे एक मायक्रोसेकंद, हे त्यांचे लक्ष्य होते. १९५९ मध्ये फेरांटी कंपनी सामील झाली आणि प्रकल्पाला ॲटलस हे नाव मिळाले. तोवर मेमरीसाठी नळ्यांऐवजी फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्या आल्या होत्या. ॲटलसमध्ये अशी कड्यांची मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि ड्रमवरची ९८,३०४ शब्दांची. शब्द ४८ बिटांचा. म्हणजे आजच्या मापाने ओटा ९६ किलोबाइटचा आणि माळा ५७६ किलोबाइटचा. कड्यांमधला शब्द दोन मायक्रोसेकंदांत मिळे. ड्रमची एक फेरी १२ मिलीसेकंदांची असल्याने तिथे सरासरी ६ मिलीसेकंद नुसती वाट पाहावी लागे. दोन्हींत तीन हजार पटींचा फरक.

किलबर्न आणि डेव्हिड एडवर्ड्स, मायकेल लॅनिगन, फ्रँक सम्नर या सहकाऱ्यांनी ठरवले, की हा फरक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसताच कामा नये. त्याला एकच सलग मेमरी दिसावी आणि काढघाल यंत्राने करावी. त्यासाठी त्यांनी मेमरीची ५१२ शब्दांची पाने पाडली. कड्यांच्या मेमरीत अशी ३२ पाने मावत आणि ड्रमवर १९२. प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता आणि ते पान प्रत्यक्षात जिथे आहे ती जागा, यांची त्यांनी फारकत केली. प्रोग्रॅमने लिहिलेल्या पत्त्याचे दोन भाग होत. पुढचे ११ बिट पानाचा क्रमांक सांगत आणि नंतरचे ९ बिट त्या पानावरची ओळ. त्यामुळे प्रोग्रॅमला २,०४८ पानांपर्यंतचे पत्ते वापरता येत, मग खरी पाने कितीही असोत.

३२ जागांपैकी प्रत्येकीवर एक पाटी होती. त्या जागेत सध्या कोणते पान आहे, हे या पाटीवर, म्हणजे एका छोट्या रजिस्टरमध्ये लिहिलेले असे. प्रोग्रॅमने पत्ता मागितला, की त्यातला पान क्रमांक एकाच वेळी सगळ्या ३२ पाट्यांशी ताडून पाहिला जाई. एखादी पाटी जुळली तर शब्द मिळाला. एकही जुळली नाही तर पान ड्रमवर आहे. मग प्रोग्रॅम जागच्या जागी थांबे आणि सुपरवायझर जागा होई.

सुपरवायझर म्हणजे आजच्या कर्नलचा पूर्वज. डेव्हिड हॉवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला. हवे ते पान ड्रमवरून आणायचे, थांबलेल्या प्रोग्रॅमला पुढे सोडायचे आणि दरम्यान यंत्र रिकामे राहू नये म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाला लावायचे, ही त्याची कामे. नवे पान आणायचे तर जुने एखादे हलवायला हवे, पण कोणते? सुपरवायझर प्रत्येक पानाच्या वापराची नोंद ठेवी. एखादे पान याआधी किती वेळ पडून होते आणि आता किती वेळ पडून आहे, हे तो पाही. आताची विश्रांती आधीच्या विश्रांतीपेक्षा लांबली असेल तर त्या पानाचे काम बहुधा संपले, असा त्याचा तर्क. हा अंदाज प्रत्येक वेळी बरोबर येत नसे. फिरून फिरून त्याच सूचना चालवणाऱ्या प्रोग्रॅमना तो लागू पडे, इतरांना तितकासा नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले. पण प्रश्न नेमका कोणता आहे, हे या पद्धतीने दाखवून दिले. आजचे कर्नलही याच प्रश्नाशी झगडतात.

सुपरवायझर स्वतः कुठे राहणार, हाही प्रश्न होता. तो सामान्य पानांत राहिला असता तर चुकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने त्याच्यावरच लिहून ठेवले असते आणि सगळे यंत्र कोसळले असते. म्हणून त्याच्या कायमच्या सूचना तारांच्या विणलेल्या जाळीत बारीक फेराइट कांड्या बसवून तयार केलेल्या मेमरीत ठेवल्या. ही ८,१९२ शब्दांची मेमरी वाचता येई, पण कोणत्याही प्रोग्रॅमला तिच्यावर लिहिता येत नसे. त्याच्या कच्च्या हिशेबासाठी १,०२४ शब्दांची वेगळी मेमरी होती. ड्रम, टेप यांसारख्या जोडयंत्रांची नियंत्रणेही मेमरीतल्या पत्त्यांसारखीच मांडलेली होती. या तिन्ही खासगी जागांच्या पत्त्याचा पहिला बिट १ आणि सर्वांसाठीच्या मेमरीचा ०. त्याशिवाय प्रत्येक पाटीवर कुलपाचा एक बिट होता. तो लावला की ते पान चालू प्रोग्रॅमला बंद.

आजच्या ६४ बिटी संगणकांवर लिनक्स चालते तेव्हाही पत्त्यांचा खालचा भाग प्रोग्रॅमचा आणि वरचा कर्नलचा असतो. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर पानाचे नेहमीचे माप ४ किलोबाइट आहे. ॲटलसचे पान ३ किलोबाइटचे होते. त्या कुलपाचे मोल किती, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाला कळले. मेल्टडाउन नावाचा दोष उघड झाला, तेव्हा अनेक प्रोसेसरांमध्ये साध्या प्रोग्रॅमलाही कर्नलची मेमरी आडवाटेने वाचता येते, हे दिसून आले. उपाय म्हणून कर्नलची पाने प्रोग्रॅमच्या नकाशातून जवळजवळ पूर्णपणे वेगळी काढावी लागली.

ॲटलसचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते झाले. तो त्या काळच्या जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांपैकी एक होता. धंद्याच्या दृष्टीने मात्र तो फसला. मूळ रचनेची यंत्रे झाली तीनच: मँचेस्टर, लंडन विद्यापीठ आणि चिल्टन इथली. वर्षभरात फेरांटीने आपला संगणक विभाग विकूनही टाकला. कल्पना तेवढी टिकली. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मुख्य यंत्रमालिकेत आभासी मेमरी आणली आणि त्यानंतर तिच्याविना मोठा संगणक क्वचितच बनला.

किलबर्न यांनी १९६४ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनमधला पहिला संगणकशास्त्र विभाग सुरू केला. पुढे एमयू५ नावाचे आणखी एक यंत्र उभारले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, रॉयल पदक असे मानसन्मान आले. स्वभावाने ते मितभाषी आणि रोखठोक होते. मँचेस्टर युनायटेडचे फुटबॉल सामने आणि ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरची सुटी एवढीच त्यांची चैन. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी आयरीन गेल्या. १९९८ मध्ये बेबीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तिची चालती प्रतिकृती त्यांना पाहता आली. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव आता त्या विद्यापीठातल्या एका इमारतीला आहे. फोनवर एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना क्षणभर जी अडखळ जाणवते, तेव्हा पुष्कळदा आत कुठले तरी पान बाहेर जात असते आणि दुसरे आत येत असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते आणि ती नसावी, हाच किलबर्न यांचा आग्रह होता.