रोझ कुशनर

रोझ कुशनर (२२ जून १९२९ – ७ जानेवारी १९९०) या अमेरिकन पत्रकार, लेखिका आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्ण शुद्धीवर असताना, तिला पर्यायांची माहिती देऊन, तिच्या सहभागाने व्हावा, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता.

प्रारंभिक जीवन

कुशनर यांचा जन्म मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव रेहर्ट. लहानपणीच त्यांचे मातृपितृछत्र हरपले. १९५१ साली त्यांचा हार्वे कुशनर यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये होती. संसार सांभाळून त्यांनी १९७२ साली मेरीलँड विद्यापीठाची पत्रकारितेची पदवी मिळवली.

तत्कालीन उपचारपद्धती

त्या काळी अमेरिकेत स्त्रीला भूल देऊन स्तनातील गाठीची बायॉप्सी करीत आणि कर्करोग आढळल्यास ती बेशुद्ध असतानाच स्तन काढून टाकीत. दोन्हींसाठी आधीच एका संमतिपत्रावर सही घेतली जाई. त्यामुळे आपल्याला कर्करोग होता की नाही व स्तन उरला की नाही, हे तिला जाग आल्यावरच कळे. विल्यम हॉलस्टेड यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात.

आजार आणि लढा

१९७४ साली कुशनर यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. त्यांनी वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन या विषयाचा अभ्यास केला आणि केवळ बायॉप्सीचा आग्रह धरला. अनेक शल्यविशारदांच्या नकारानंतर ती मान्य झाली. कर्करोगाचे निदान झाल्यावर त्यांनी बफेलो येथे छातीचे स्नायू राखणारी शस्त्रक्रिया करून घेतली. स्तन काढण्यास त्यांचा विरोध नव्हता. विचारासाठी अवधी न मिळण्यास होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. कुशनर यांनी व्हाइट हाउसला दूरध्वनी करून ती दोन टप्प्यांत करण्याची विनंती केली. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतला असल्याचे त्यांना सांगण्यात आले. रुग्ण स्त्रीऐवजी पतीने निर्णय घेतल्याचे त्यांना विशेष खटकले.

लेखन व सार्वजनिक कार्य

१९७५ साली त्यांनी स्वानुभव आणि शोधपत्रकारिता यांवर आधारित पुस्तक प्रसिद्ध केले व रुग्णांसाठी सल्ला केंद्र सुरू केले. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळात वैद्यकीय पेशाबाहेरील सदस्य म्हणून त्यांचा समावेश होता. बायॉप्सी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत कराव्यात, तसेच हॉलस्टेड यांची शस्त्रक्रिया यापुढे प्रमाण मानू नये, असा निष्कर्ष मंडळाने काढला. १९८० साली जिमी कार्टर यांनी त्यांची राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळावर नेमणूक केली. १९८४ साली त्यांनी, शस्त्रक्रियेनंतर सरसकट तीव्र रसायनोपचार देण्याच्या प्रथेवरही लेखातून टीका केली.

निधन

कर्करोग पुन्हा उद्भवल्याने १९९० साली त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंगर ग्रंथालयात जतन केली आहेत.